सेलबर्नचे रान : नोंदवही आणि मोळी

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्याच्या पूर्व टोकाला, लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० मैलांवर, सेलबर्न नावाचे एक लहान गाव आहे. गावाच्या पाठीशी खडूच्या दगडाची टेकडी सुमारे ३०० फूट चढत जाते, तिच्या उभ्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान आहे आणि माथ्यावर गावाचे सामाईक कुरण पसरलेले आहे. उतारावरच्या अशा रानाला तिथले लोक ‘हँगर’ म्हणतात. चढावरच्या झाडीसाठी जुन्या इंग्रजीत जो शब्द होता, तोच थोड्या बदललेल्या रूपात आजवर बोलण्यात राहिला आहे. टेकडीच्या पायथ्याशी एकच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि मध्ये चर्च, एवढाच गावाचा पसारा. मात्र पूर्वेकडे चालत गेले की खडू संपून चिकण माती लागते आणि तीही मागे पडल्यावर वूल्मरचे वालुकामय, झुडपी रान सुरू होते. एका चर्चच्या अखत्यारीतील गाव आणि शिवार मिळून जो घटक होतो त्याला ‘पॅरिश’ म्हणतात, आणि सेलबर्नच्या एका पॅरिशमध्ये इतक्या तऱ्हांची जमीन एकत्र आली आहे की तिथे जन्मभर राहणाऱ्यालाही ती पाहून संपू नये.

गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) तिथे जवळजवळ जन्मभर राहिले. त्यांचे आजोबा गावचे मुख्य धर्मोपदेशक होते. व्हाइट स्वतः मात्र क्युरेट, म्हणजे सहायक धर्मोपदेशक, या पदाच्या वर कधी गेले नाहीत. थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वानांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्यांनी आपल्या पॅरिशच्या निसर्गाची जी हकीकत सांगितली, ती १७८९ सालच्या ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’ या ग्रंथात आहे. एवढ्याशा गावावर लिहिलेले हे पुस्तक सव्वादोनशेहून अधिक वर्षे वाचले जात आहे, आणि त्याचे वाचन दोन अगदी भिन्न रीतींनी होत आले आहे. त्या दोन रीती समोरासमोर याव्यात म्हणून येथे एक संवाद कल्पिला आहे. त्यातील एक बाजू वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची आणि दुसरी इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकाची आहे. एकाच महाविद्यालयात बरीच वर्षे काढलेली ही दोन माणसे एकमेकांना ‘बाई’ आणि ‘सर’ म्हणतात, आणि मतभेद असले तरी एकमेकांचे बोलणे पुरते ऐकून घेतात.

संवादाची सुरुवात बाई करतात, आणि ती एका लहानशा पक्ष्यापासून करतात. “सर, त्या काळी पानांत दडून राहणारे हिरवट-पिवळे वटवटे सरसकट एकाच जातीचे समजले जात. व्हाइट यांनी त्यांचे आवाज कान देऊन ऐकले, पक्षी हातात घेऊन पारखले आणि १७६८ च्या सुमारास असे दाखवून दिले की हे तीन वेगळे पक्षी आहेत. त्यांतला एक उंच बीचच्या शेंड्यांवर बसतो आणि पंख थरथरवत शीळयुक्त फुत्कारासारखा आवाज काढतो, हे त्यांना कळले याचे कारण त्यांच्या दारासमोर हँगर उभे होते आणि त्या हँगरखाली ते वर्षानुवर्षे त्याच ऋतूत, त्याच वेळी पुन्हा पुन्हा जात राहिले. दूरदेशी जाऊन नवे नमुने गोळा करणे म्हणजेच निसर्गविद्या, असे मानले जात असताना त्यांनी एक पॅरिश पुरे केले. गावाची आणि रानाची खरी किंमत या पाहण्यात आहे, आणि असे पाहायचे तर रान आधी जागेवर असले पाहिजे, त्याला कोणी हात लावता कामा नये.”

सरांचा आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे. “हात न लावलेले रान सेलबर्नमध्ये व्हाइट यांच्या काळी तरी कुठे होते, बाई? त्यांनीच ऑक्टोबर १७८३ ची खानेसुमारी दिली आहे : पॅरिशमध्ये १३६ कुटुंबे आणि ६७६ माणसे, त्यांपैकी ३१३ गावरस्त्यावर राहणारी, उरलेली शिवारात विखुरलेली. गरिबांची संख्या मोठी आहे, असे ते स्पष्ट लिहितात, आणि ते गरीब पोट कशावर भरतात तेही सांगतात. पुरुष शेतीखेरीज हॉपच्या मळ्यांत राबतात. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारी वेल. ते रानातली झाडे तोडतात आणि त्यांची साल सोलतात, कारण ओकच्या सालीवाचून चामडे कमावता येत नसे. बायका वसंतात आणि उन्हाळ्यात धान्याची निंदणी करतात आणि सप्टेंबरात हॉप तोडायला जातात. आपल्याला जे हिरवे, शांत चित्र दिसते ते या माणसांच्या हातांनी दर वर्षी नव्याने केलेले काम होते.” सर याला पुरावा म्हणून गावाच्या वाटांकडे बोट दाखवतात. सेलबर्नकडे येणाऱ्या जुन्या गाडीवाटा आपल्याकडच्या खोल पाणंदींसारख्या आहेत, मात्र त्या इतक्या खचल्या आहेत की व्हाइट यांच्या मोजणीप्रमाणे कित्येक ठिकाणी त्या शेतांच्या पातळीपेक्षा १६ ते १८ फूट खाली गेल्या होत्या. त्या कोणी खोदलेल्या नाहीत. चाकांनी दगड भरडला आणि पावसाच्या पाण्याने तो वाहून नेला, असे शतकानुशतके होत राहिले. दोन्ही काठांवरची झाडांची मुळे उघडी पडून त्या वाटेवर लोंबतात, आणि नेचे, शेवाळ यांना जी ओलसर सावली तिथे मिळते ती मूळची बैलगाडी-घोडागाडीची देणगी आहे.

बाईंना हे अमान्य नाही, पण व्हाइट यांच्यावर गरिबांकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका येऊ नये असे त्यांना वाटते, आणि त्यासाठी त्या पुस्तकातील एक पत्र पुढे करतात. त्यात व्हाइट यांनी लव्हाळ्याच्या वातीचा हिशेब मांडला आहे. पाणथळीत वाढणारे लव्हाळे भर उन्हाळ्यात कापायचे, पाण्यात भिजवायचे, नंतर त्याची साल अशी सोलायची की आतला मऊ गाभा एका सालपट्टीच्या आधाराने सरळ राहील, मग ते गवतावर दव आणि ऊन देऊन वाळवायचे आणि वितळलेल्या चरबीत बुडवून काढायचे. इतके झाले की मेणबत्तीवाचून घरात उजेड होतो. वाळलेल्या लव्हाळ्याच्या एका पौंडात १६०० हून अधिक काड्या भरतात, हे त्यांनी मोजून काढले. दोन फूट साडेचार इंच लांबीची एक काडी त्यांनी घड्याळ लावून जाळली, तेव्हा ती तासाला तीन मिनिटे कमी इतका वेळ जळली. सरासरी अर्धा तास धरला तरी एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पेनीच्या चौथ्या भागात, गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. “वटवट्याच्या पंखातील पिसे ज्या नजरेने मोजली,” बाई म्हणतात, “त्याच नजरेने हा माणूस झोपडीतल्या दिव्याचे मिनिट मोजतो. याला दुर्लक्ष म्हणता येईल का, सर?”

येथे बाईंचे म्हणणे मान्य करावे लागते. अठराव्या शतकातील दुसऱ्या कोणत्या निसर्ग-अभ्यासकाने गरिबाघरच्या उजेडाचा असा हिशेब ठेवला असेल, हे सांगणे कठीण आहे. सरांनाही त्या पत्राचे मोल कळते. तथापि मोजणे आणि बाजू घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे सांगून ते वादाच्या गाभ्याकडे, म्हणजे रानावर हक्क कोणाचा या प्रश्नाकडे वळतात.

तो समजण्यासाठी इंग्लंडमधील ‘कॉमन’ ही संस्था आधी समजून घेतली पाहिजे. तिला गायरान म्हटले तर अर्थ जवळ येतो, पण पुरा बसत नाही, कारण कॉमनची जमीन सरकारची किंवा गावाची नसते. ती जहागिरीच्या मालकाची असते, आणि सेलबर्नमध्ये ती मालकी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे होती. मालकी एकाची असली तरी तिच्यावर ठरावीक घरांचे आणि शेतांचे वहिवाटीचे हक्क चालत आणि ते न्यायालयात टिकत. जनावरे चारणे, सरपण आणि कुंपणासाठी लाकूड घेणे (एस्टोव्हर्स), जळणासाठी जमिनीच्या वरच्या थरातील कुजट माती कापून नेणे (टर्बरी), शरद ऋतूत बीच आणि ओकची फळे खायला डुकरे रानात सोडणे (पॅनेज), असे प्रत्येक हक्काला आपले नाव आणि आपली मर्यादा होती. आपल्या शेतातील चाऱ्यावर हिवाळ्यात जितकी जनावरे जगवता येतील तितकीच कॉमनवर सोडायची, हा त्यांतला फार शहाणपणाचा नियम होता.

“आता १७८४ साली काय घडले ते व्हाइट यांच्याच शब्दांवरून पाहा,” सर म्हणतात. “सेलबर्नच्या ईशान्येला काही मैलांवर होल्ट नावाचे राजवन आहे. त्या हिवाळ्यात आणि वसंतात तिथले सुमारे १००० ओक तोडले गेले. मुख्य लाकडाचा पाचवा हिस्सा तिथल्या पट्टेदार उमरावाला मिळाला. त्यावर त्याने फांद्या, डहाळ्या आणि शेंडेही मागितले. आसपासच्या चार पॅरिशांतील गरीब लोकांचे म्हणणे असे की हा लाकूडफाटा वहिवाटीने आमचा आहे. ते जमावाने रानात गेले आणि सगळे जळण उचलून घेऊन आले. उमरावाने ४५ जणांवर दावे लावले. व्हाइट हे सारे प्रामाणिकपणे नोंदवतात, पण जमावाच्या वागण्याला ते दंगल म्हणतात. मोळी ज्यांच्या चुलीत जाणार होती त्यांना ती दंगल वाटली नसणार, बाई.”

बाई त्याच नोंदीतील पुढचे वाक्य पुढे करतात, आणि हा या संवादातील सर्वांत अनपेक्षित मुद्दा आहे. ज्याच्यापाशी जनावरे जुंपलेली गाडी होती अशा एका माणसाने आपल्या वाट्याचे म्हणून ४० ढीग लाकूड घरी नेले, असे व्हाइट सांगतात. “गाडी असणारा आणि डोक्यावर मोळी वाहणारी म्हातारी यांचा हक्क एकाच नावाने चालला, पण मिळकत किती वेगळी झाली! हक्क रानाला जपतो, असे आपण म्हणता. तो नियमावाचून सुटला तर बलवान माणूस रानही नेतो आणि शेजाऱ्याचा वाटाही नेतो.” सर हे खोडून काढत नाहीत. मर्यादा पाळणारी ग्रामव्यवस्था मोडली की असेच होते, एवढेच ते म्हणतात, आणि ती मोडण्याचे काम वरून झाले याकडे लक्ष वेधतात. हरणांच्या राजवनांत आणि बिशपच्या शिकाररानांत चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा १७२३ मध्ये ‘ब्लॅक ॲक्ट’ हा कायदा आला आणि तोंडाला काजळी फासून शिकाररानात सशस्त्र फिरणे हासुद्धा फाशीचा गुन्हा ठरला. पुढे व्हाइट यांच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, नोव्हेंबर १८३० मध्ये, मजुरी आणि भूक यांवरून दक्षिण इंग्लंडभर जो शेतमजुरांचा उद्रेक झाला त्यात सेलबर्नच्या लोकांनीही वर्कहाउसवर, म्हणजे निराधारांना राबवून सांभाळणाऱ्या पॅरिशच्या घरावर, हल्ला केला आणि धर्मोपदेशकाला दशांश कराची वसुली कमी करायला लावले. चित्रांतून आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून दिसणाऱ्या सेलबर्नमध्ये ही माणसे क्वचितच भेटतात, ही सरांची तक्रार रास्त आहे.

या मुद्द्याचा एक धागा मराठी वाचकाच्या घरापर्यंत येतो. ज्या देशात मोळीचा हक्क न्यायालयात मांडता येत होता, त्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी १८७८ च्या भारतीय वन कायद्याच्या वेळी असे ठरवले की हिंदुस्थानातील गावकऱ्यांचा रानातील वापर हा बहुतांशी हक्क नसून सरकारने चालू दिलेली सवलत आहे. बी. एच. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याने हे मत जोरकसपणे मांडले. वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिख ब्रँडिस यांचा कल गावांच्या वहिवाटीला अधिक मान देण्याकडे होता, पण कायदा पहिल्या मतावर उभा राहिला. सामूहिक वनहक्क कायद्याने पुन्हा मान्य व्हायला २००६ साल उजाडावे लागले, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला. सेलबर्नच्या गोष्टीत होल्टचे ४५ जण याचसाठी महत्त्वाचे आहेत.

यानंतर वाद आजच्या रानावर येतो. कुऱ्हाड हीच रानाची वैरीण, या बाईंच्या मूळ धारणेला इथे सर्वांत कठीण परीक्षा द्यावी लागते, कारण इंग्लंडच्या रानांचा इतिहास ज्यांनी नव्याने लिहिला त्या ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांचे संशोधन दुसरीकडे बोट दाखवते. हेझल, ॲश यांसारखी झाडे जमिनीलगत तोडली तर मरत नाहीत. खुंटाला धुमारे फुटतात, काही वर्षांनी ते पुन्हा तोडता येतात, आणि हा क्रम शतकानुशतके चालतो. या पद्धतीला ‘कॉपिस’ म्हणतात. जनावरांनी कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून तीच तोड माणसाच्या डोक्याच्या वर केली तर त्या झाडाला ‘पोलार्ड’ म्हणतात. सफोकमधील ब्रॅडफील्डच्या रानात ॲशचे असे खुंट आहेत की त्यांचा घेर पाहता त्यांचे वय हजार वर्षांच्या आसपास मानले जाते. न तोडलेले ॲशचे झाड इतके जगत नाही. तोडीनंतर जमिनीवर ऊन पडते, प्रिमरोजसारखी फुले उमलतात आणि त्यांच्यामागून फुलपाखरे येतात. कोळसा, तेल आणि तारेचे कुंपण आल्यावर लाकूडफाट्याला गिऱ्हाईक उरले नाही, तोड थांबली, माथ्यावर पानांचे छत मिटले, आणि ऊन मागणारी ती फुलपाखरे कित्येक रानांतून नाहीशी झाली.

“मग हँगरवर करवत चालवायची का, सर?” या बाईंच्या प्रश्नात कळकळ आहे, आणि त्यांचे उत्तरही त्या स्वतःच देतात. सेलबर्नचे हँगर हे कॉपिसचे सपाट रान नव्हे. तिथला चढ उभा, खडूवरची माती बोटभर, आणि बीचची मुळे उथळ. ऑक्टोबर १९८७ आणि जानेवारी १९९० ही दोन वादळे दक्षिण इंग्लंडवरून गेली तेव्हा अशा कित्येक रानांतील मोठी झाडे मुळासकट आडवी झाली. रॅकहॅम यांनीच त्या वेळी बजावले होते की पडलेले झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे, आणि वादळापेक्षा नंतरच्या साफसफाईने रानांचे अधिक नुकसान केले. कुजणाऱ्या ओंडक्यावर जगणारी बुरशी आणि भुंगेरे यांना कोणताही हक्कदार वकील मिळत नाही, म्हणून उतार तरी त्यांच्या हवाली राहू द्यावा, ही बाईंची भूमिका आता पहिल्यापेक्षा नेमकी झाली आहे. सरही आपली भूमिका आवरून घेतात. उतार वादळाच्या स्वाधीन असावा, पण माथ्यावरच्या कॉमनवर गुरे हवीतच, कारण चराई थांबली की चार-दोन दशकांत गवताळ माळ काट्याकुट्यांनी भरतो आणि ज्या कारणाने त्याला कॉमन म्हणतात तेच कारण उरत नाही. ही टेकडी आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे, आणि गाव साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते. त्यामुळे रानाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. रानावर पोट असणारे मात्र जवळजवळ कोणी नाहीत, ही सरांची खंत कायम आहे.

२५ जानेवारी १९९० च्या त्याच वादळात चर्चच्या अंगणातील यू वृक्ष पडला. व्हाइट यांनी त्याच्या बुंध्याचा घेर २३ फूट नोंदवला होता. गावाने त्याला पुन्हा उभे करून पाहिले, पण तो जगला नाही.

बाई आणि सर यांची मते ज्या ठिकाणी सर्वांत जवळ येतात ती जागा टेकडीच्या माथ्यावर आहे. तिथे एक तळे होते : व्यास ३० फुटांहून अधिक नाही, मध्यभागी खोली तीन फुटांहून अधिक नाही, वरून कोणता झरा येत नाही. तरीही ३०० ते ४०० मेंढ्या आणि किमान २० मोठी गुरे त्याचे पाणी पीत आणि ते कधी आटत नसे, उलट मे १७७५ मध्ये खालच्या दरीतील तळी कोरडी पडली होती. व्हाइट यांनी याचे कारण शोधले. तळ्यावर दोन मध्यम आकाराचे बीच झुकलेले होते, आणि झाडे धुक्यातील पाणी पानांवर गोळा करून खाली गाळतात, हे त्यांनी इतरत्र डोळ्यांनी पाहिले होते : त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका धुकट दिवशी न्यूटन लेन नावाच्या वाटेवर पानांनी भरलेला एक ओक इतका ठिबकत होता की त्याच्याखालच्या चाकोऱ्यांतून पाणी वाहत होते, आणि आसपासची जमीन मात्र धुळीची होती. बाई यात वनस्पती आणि हवा यांच्या नात्याची एक सुरेख पूर्वसूचना पाहतात. सर त्यात मेंढ्या पाहतात, त्या मेंढ्यांमागे कॉमनचा हक्क पाहतात, आणि ते दोन बीच कोणी का तोडले नसतील असे विचारतात. “पाणी हवे होते म्हणून,” बाई उत्तर देतात, आणि या एका उत्तरावर दोघांचे दुमत होत नाही.

शेवटचा प्रश्न पाकोळ्यांचा आहे. व्हाइट यांनी गावात दर वर्षी पाकोळ्यांच्या आठ जोड्या मोजल्या, आणि हा आकडा बदलत नाही याचे त्यांना मोठे नवल वाटे. सुमारे २०० वर्षांनी, १९८० च्या दशकात, पुन्हा मोजणी झाली तेव्हा गावात १२ जोड्या होत्या. बाई या सातत्याने भारावतात. सर व्हाइट यांचे मूळ वाक्य पुन्हा वाचायला लावतात : आठांपैकी निम्म्या जोड्या चर्चमध्ये राहत, आणि उरलेल्या गावातील सर्वांत ठेंगण्या, सर्वांत गरीब गवती छपरांच्या घरांत. “ती छपरे कोणाची होती हे पुस्तकात नाही, बाई.” त्यावर बाई आठवण करून देतात की १७८४ पासून मृत्यूपर्यंत व्हाइट याच गावाचे क्युरेट होते, आणि चर्चच्या वहीत दफनांच्या नोंदी करणे हे त्यांचेच काम होते. पाकोळ्या ज्या वर्षी ज्या छपराखाली आल्या, त्या वर्षी त्या घरातून कोण गेले, ते त्याच हस्ताक्षरात दुसऱ्या वहीत असेल.